मुक्काम आणि चौकट : प्रवासी छायाचित्राच्या आस्वादाविषयी काही विचार

१

प्रवासाचा आनंद हा एकजिनसी नसून त्यात दोन भिन्न आनंदांची सरमिसळ झालेली असते. अपरिचित स्थळी प्रथम पाऊल टाकताच होणारा विस्मय हा त्यांपैकी पहिला. आणि त्याच स्थळी काही काळ मुक्काम केल्यावर, विस्मय ओसरल्यानंतर, तेथील प्रकाशाशी, रस्त्यांशी आणि माणसांशी जो हळूहळू संबंध जुळतो त्या परिचयाचा आनंद हा दुसरा. साहित्यशास्त्राने विस्मयाला अद्भुत रसाचा स्थायिभाव मानले आहे. काव्यात तो स्थायी असेलही. प्रवाशाच्या प्रत्यक्ष अनुभवात मात्र त्याच्याइतके अस्थायी दुसरे काही नसते. पिरॅमिड प्रथम पाहताना जे वाटते ते तिसऱ्या दिवशी वाटत नाही. तिसऱ्या दिवशीही तेथे थांबावेसे वाटणाऱ्या प्रवाशाला तेथे जे मिळते, ते काही निराळेच असते.

प्रवासवर्णन ह्या वाङ्मयप्रकाराची चर्चा करताना हा भेद आपण बहुधा ध्यानात ठेवतो. लेखक स्थळांची जंत्री देतो की स्थळाशी नाते जोडतो, हा प्रश्न आपल्या समीक्षेला नवा नाही. परंतु त्याच ग्रंथात मजकुराच्या शेजारी छापलेल्या छायाचित्रांकडे वळताच आपली चिकित्सक बुद्धी विश्रांती घेते. छायाचित्रे 'सुबक' आहेत, 'विपुल' आहेत, त्यांनी ग्रंथाची शोभा वाढली आहे, इतके म्हणून आपण पुढे जातो. जणू छायाचित्र हे मजकुराचे अलंकरण किंवा फार तर पुरावा. त्याला स्वतःची अशी दृष्टी नाहीच. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'त (१९६०) शि. द. फडणीस यांची रेखाचित्रे आहेत. ती पाहताना हे कोणाच्या तरी नजरेतून उतरलेले जग आहे, हे वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. रेषा स्वतःच ते सांगते. छायाचित्र मात्र आपली नजर लपविते. ते म्हणते, 'मी काहीच केले नाही. स्थळ असेच होते.' आणि ज्या कलाप्रकाराला आपला दृष्टिकोन लपविण्याची सोय आहे, त्याचीच समीक्षा अधिक दक्षतेने व्हावयास हवी.

प्रवासी छायाचित्र वर निर्दिष्ट केलेल्या दोन आनंदांपैकी कोणत्या आनंदाचे वाहन होते, आणि दुसऱ्या आनंदाचे वाहन होण्याची पात्रता त्याच्या अंगी केव्हा येते, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारावयाचा आहे. त्यासाठी एकोणिसाव्या शतकातील तीन छायाचित्रकारांचे काम समोर ठेवले आहे. ह्या कलेच्या बहुतेक सवयी, चांगल्या आणि वाईट, त्याच काळात जडल्या. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला असला तरी त्या सवयी बदललेल्या नाहीत.

२

छायाचित्रणाची पहिली व्यवहार्य पद्धती, डागेरोटाइप, पॅरिस येथे १८३९ च्या ऑगस्टमध्ये जाहीर करण्यात आली. त्याच वर्षीच्या शरदऋतूत तिची यंत्रे घेऊन प्रवासी ग्रीस आणि इजिप्तकडे निघालेही. प्रवास आणि छायाचित्र यांचे नाते असे जन्मापासूनचे आहे. पॅरिसमधील भिंगांचा व्यापारी लरबूर याने अशा प्रवाशांकडून धातूच्या पत्र्यांवरील चित्रे मिळविली आणि १८४० नंतरच्या काही वर्षांत 'एक्स्कुर्सिऑन दागेरियेन' ह्या नावाने शंभरांहून अधिक दृश्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. डागेरोटाइप हे एकमेव चित्र असे. त्याच्या प्रती निघत नसत. म्हणून खोदकाम करणाऱ्या कारागिरांकडून त्याची नक्कल करवून ती छापावी लागे.

ह्या नकलेत घडलेली एक गोष्ट लक्षणीय आहे. मूळ चित्राच्या प्रकाशनास इतका वेळ लागे की रस्त्यातून चालणारा माणूस पत्र्यावर उमटतच नसे. स्थिर असलेले तेवढे राहावयाचे : भिंती, खांब, कमानी. त्यामुळे भरवस्तीतील चौकसुद्धा ओसाड दिसत. खरेदीदाराला हे चालण्यासारखे नव्हते. तेव्हा कारागिरांनी आपल्या पदरची माणसे त्या दृश्यांत घातली : कोठे फेटेवाला, कोठे घोडेस्वार, कोठे गप्पा मारणारी मंडळी. म्हणजे यंत्राने इमारत दिली आणि माणूस कल्पनेने पुरविला.

ह्या घटनेकडे केवळ बाल्यावस्थेतील तांत्रिक अडचण म्हणून पाहता येईल. पण तेवढ्याने तिचा अर्थ संपत नाही. यंत्राला माणूस दिसत नव्हता ही अडचण. त्याच्या जागी कोणताही माणूस चालेल असे वाटणे ही वृत्ती होय. तांत्रिक अडचण पुढे दहा-वीस वर्षांत बरीच कमी झाली. वृत्ती मात्र टिकली. स्थळ हे अनन्य, त्याची नक्कल चालणार नाही. माणूस हा मात्र तेथील 'रंग' भरण्यापुरता, कोणीही चालेल. आजच्या प्रवासी छायाचित्रांतही हा भेद ठायी ठायी आढळेल.

३

ह्याच वृत्तीचे अधिक बोलके उदाहरण फ्रान्सच्या दोन मित्रांच्या प्रवासात मिळते. माक्सिम द्यू काँ आणि गुस्ताव फ्लोबेर हे १८४९ च्या नोव्हेंबरमध्ये इजिप्तला पोहोचले आणि पुढील वर्षी एकाच नौकेतून नाईल नदीवर नूबियापर्यंत गेले. दोघेही सत्ताविशीचे, दोघेही साहित्याचे उपासक. द्यू काँपाशी कागदावर छायाचित्र उतरविण्याचे कॅलोटाइप पद्धतीचे साहित्य होते; फ्लोबेरपाशी टिपणवही होती. एकाच नदीचे, एकाच ऋतूत, एकाच नौकेतून दोन साधनांनी केलेले निरीक्षण असा हा योग आहे. तौलनिक अभ्यासकाला याहून सोयीचे साहित्य क्वचितच मिळेल.

द्यू काँचे काम शिस्तीचे होते. परतल्यावर १८५२ मध्ये त्याने 'इजिप्त, नूबिया, पॅलेस्टाइन आणि सीरिया' हा १२५ छायाचित्रांचा भव्य ग्रंथ प्रसिद्ध केला. छायाचित्रांनी युक्त अशा प्रवासग्रंथांच्या परंपरेचा आरंभ येथून धरला जातो. ह्या चित्रांपैकी बहुतेक चित्रे मंदिरांची, स्तंभांची आणि पुतळ्यांची आहेत. त्यांतील अनेक चित्रांत एक माणूस पुन:पुन्हा दिसतो. कोठे तो स्तंभाच्या पायाशी उभा आहे, कोठे भिंतीच्या कडेला. अबू सिंबेल येथे तर तो दुसऱ्या रामसेसच्या प्रचंड पुतळ्याच्या माथ्यावर बसलेला आहे. हा माणूस म्हणजे नौकेवरील नूबियन खलाशी हाजी इस्माईल. त्याला चित्रात का घेतले, याचा खुलासा द्यू काँने स्वतःच करून ठेवला आहे : सर्व चित्रांत उंचीचे एकच माप असावे म्हणून. आपण नकाशाच्या कोपऱ्यात मोजपट्टी काढतो, तसा हा माणूस.

त्याला निश्चल ठेवणे कठीण जाई. त्यावर द्यू काँने काढलेली युक्तीही त्याने मोठ्या मौजेने सांगितली आहे. कॅमेऱ्यातून पुढे आलेली भिंगाची पितळी नळी ही तोफ असून, तू हललास तर ती तुझ्यावर गोळ्यांचा वर्षाव करील, असे त्याने त्या खलाशाला पटवून दिले. हाजी इस्माईल हलला नाही. ज्या चित्रांकडे आपण गेली पावणेदोनशे वर्षे शांतपणे पाहत आलो, त्यांतील शांततेचा काही भाग हा भीतीचा आहे, हे एकदा कळल्यावर ती चित्रे पूर्वीसारखी दिसणे शक्य नाही.

आता ह्याच ग्रंथातील एका निराळ्या चित्राकडे पाहावे. कैरो येथे हे दोघे ज्या हॉटेलात उतरले होते त्याच्या बागेचे ते चित्र आहे. झाडांच्या गर्दीत, बऱ्याच अंतरावर, लांब झगा घातलेली एक आकृती उभी आहे. तो फ्लोबेर होय. आपले छायाचित्र कोणी काढू नये अशी त्याची इच्छा असे. मित्राने एकदाच काढले, तेही आपण नूबियन वेषात, दूरवर, बागेत उभे असताना, असे त्याने पुढे एका पत्रात नमूद केले आहे. ह्या दोन चित्रांची तुलना उद्बोधक आहे. नूबियन वेष केलेल्या फ्रेंच माणसाला झाडांआड अस्पष्ट राहण्याची मुभा मिळते. आणि खरा नूबियन मनुष्य पाषाणाच्या मुकुटावर मोजपट्टी म्हणून चढविला जातो. कॅमेऱ्यासमोर कसे यावे, किंबहुना यावे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार एकाला आहे, दुसऱ्याला नाही. प्रवासी छायाचित्रातील सत्तेचा प्रश्न याहून स्पष्ट शब्दांत मांडण्याची आवश्यकता नाही.

फ्लोबेरच्या टिपणांत चित्र उलटे आहे. देवळांचा आपल्याला कंटाळा येतो अशी कबुली तो देतो. पण नदीवरचा प्रकाश, उंटांची चाल, नर्तकींचे घर, खलाशांची थट्टा, बाजारातील वास यांना त्याच्या वहीत जागा मिळते. त्याने त्यांतून प्रवासग्रंथ केला नाही; ती टिपणे त्याच्या मृत्यूनंतर (१८८०) प्रकाशात आली. ग्रंथ झाला तो द्यू काँचा, मानसन्मान मिळाला तोही त्यालाच. परंतु प्रवास संपण्यापूर्वीच, १८५० मध्ये बैरूत येथे, द्यू काँने आपले सर्व छायाचित्रणाचे साहित्य एका हौशी गृहस्थाला देऊन टाकले आणि मोबदल्यात दिवाणांना घालण्याजोगी भरजरी वस्त्रे घेतली. पुढे त्याने कॅमेऱ्याची साधना केल्याचे दिसत नाही. ज्याला स्थळाशी नाते जोडावयाचे आहे तो आपले साधन इतक्या सहज टाकत नाही. द्यू काँला यादी पुरी करावयाची होती. ती पुरी झाली आणि कॅमेऱ्याचे काम संपले.

ह्यावरून शब्द श्रेष्ठ आणि छायाचित्र कनिष्ठ, असा निष्कर्ष काढण्याची घाई मात्र करू नये. फ्लोबेरची टिपणेही निष्पाप नाहीत. स्त्रियांकडे आणि सेवकांकडे पाहण्याची त्याची नजर आज अनेक ठिकाणी खटकते. मुद्दा एवढाच की टिपणवहीत लेखकाचा कंटाळा, त्याचा मोह, त्याची चूक हीदेखील उमटते आणि वाचकाला त्याची पारख करता येते. छायाचित्रातून ही पारख करण्याची सामग्री वगळली जाते. तोफेची गोष्ट चित्रात नाही. ती मजकुरात आहे. म्हणून छायाचित्राचा अर्थ त्याच्या मजकुरासह लावणे हे समीक्षकाचे पहिले कर्तव्य ठरते.

४

येथे एक शंका उपस्थित होण्यासारखी आहे. द्यू काँचा दोष मुक्कामाच्या अभावाचा मानावा काय? तो घाईत होता म्हणून त्याची चित्रे कोरडी झाली, आणि अधिक थांबला असता तर ती सरस झाली असती, असे म्हणता येईल काय? आज छायाचित्र एका क्षणात निघते म्हणून ते उथळ झाले. जुन्या काळी ते कष्टाने निघे म्हणून सखोल होते, असा एक सार्वत्रिक समज आहे. त्याची परीक्षा करण्यासाठी सॅम्युएल बोर्नच्या हिमालयीन प्रवासाकडे वळावे.

नॉटिंगहॅम येथील बँकेतील नोकरी सोडून बोर्न १८६३ मध्ये हिंदुस्थानात आला आणि १८६३, १८६४ व १८६६ अशा तीन वर्षी त्याने हिमालयात दीर्घ प्रवास केले. एव्हाना कलोडिअनची ओली पद्धती रूढ झाली होती. काचेवर कलोडिअन ओतावयाचे, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून प्रकाशित करावयाची आणि ओल सुकण्यापूर्वीच अंधाऱ्या तंबूत चित्र उमटवावयाचे. म्हणजे प्रत्येक दृश्यापाशी प्रयोगशाळा उभारावी लागे. काचा, रसायने, तंबू आणि शिधा वाहण्यास पहिल्या प्रवासातच सुमारे तीस हमाल लागले. १८६६ मध्ये किन्नौर आणि स्पिती यांमधील मणिरंग खिंडीत, सुमारे १८,६०० फूट उंचीवर, बोर्नने छायाचित्रे घेतली. इतक्या उंचीवर त्यापूर्वी कोणी छायाचित्र घेतले नव्हते आणि पुढेही बरीच वर्षे हा उच्चांक मोडला गेला नाही. मुक्काम, कष्ट आणि चिकाटी हीच कसोटी लावावयाची तर बोर्नची बरोबरी करणारे थोडेच निघतील.

असे असूनही बोर्नच्या चित्रांपुढे एक अडथळा उभा होता, आणि तो त्याने स्वतःबरोबरच आणला होता. रम्य निसर्गचित्राची एक ठरीव कल्पना इंग्लंडमध्ये रूढ होती : पुढे एखादे झाड, मध्ये पाणी किंवा पूल, मागे पर्वताची सौम्य रेषा. ह्या साच्यात बसणारे दृश्य शोधीत बोर्न हिमालयात हिंडला, आणि हिमालयात असे घाट थोडे सापडतात अशी तक्रारही त्याने आपल्या लेखांतून केली. काश्मीर त्याला ह्या दृष्टीने अधिक अनुकूल वाटले, यात नवल नाही. तेथे झाड, पाणी आणि पूल एकत्र मिळतात. स्थळापाशी तो महिनेच्या महिने राहिला. पण चौकट घरूनच निघाली होती.

हमालांच्या बाबतीतही तेच. ज्यांच्या पाठीवरून त्या काचा चढल्या ती माणसे बोर्नच्या सुप्रसिद्ध निसर्गचित्रांत विषय म्हणून क्वचितच येतात. आली तर परिमाण म्हणून, हाजी इस्माईलसारखीच. 'ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी'तील त्याच्या प्रवासलेखांत मात्र ती भेटतात : थंडीने गारठलेली, ओझे टाकून गावात पळालेली, आणि बोर्नने काठी हातात घेऊन शोधून परत आणलेली. पुन्हा तीच विभागणी : चित्रात हिमशिखरांची निर्मळ शांतता, मजकुरात काठी.

परंतु बोर्नवर केवळ दोषारोप करून थांबणे हे अन्यायाचे होईल. कारण त्याच लेखांत त्याने एक कबुली दिली आहे, आणि ती त्याच्या अनेक चित्रांहून मोलाची आहे. उंच हिमालयाची काही दृश्ये इतकी अवाढव्य आहेत की छायाचित्राच्या मर्यादित क्षेत्रात ती आणताच येत नाहीत, असे तो म्हणतो. येथे साचा मोडतो. झाड, पाणी, पूल ह्या हिशेबाबाहेरचे काही तरी समोर उभे आहे आणि आपले साधन अपुरे आहे, ह्याची जाणीव ज्याला होते, तो त्या क्षणापुरता तरी यादी करणारा राहत नाही. विस्मय आणि विनय यांची येथे गाठ पडते. मणिरंगवरील चित्रांत रम्यतेची नेहमीची मांडणी जमत नाही. उघडे दगड, बर्फ आणि रिकामे आकाश एवढेच उरते. आणि नेमकी हीच चित्रे आजच्या प्रेक्षकाला अधिक खरी वाटण्याचा संभव आहे.

तात्पर्य, मुक्काम आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. मुक्कामाच्या काळात चौकट बदलली पाहिजे. स्थळाने प्रवाशाच्या पाहण्यात काही फेरफार केला, असे चित्रावरून दिसले पाहिजे. पायांनी केलेला मुक्काम हा केवळ काळाचा व्यय. दृष्टीने केलेला मुक्काम हाच परिचयाचा आरंभ होय.

५

अशा दृष्टीच्या मुक्कामाचे उदाहरण म्हणून जॉन टॉमसन याच्या चीनविषयक कामाचा निर्देश करावासा वाटतो. मूळचा एडिंबरोचा हा छायाचित्रकार १८६० नंतरची जवळजवळ दहा वर्षे आशियात राहिला. १८६६ मध्ये त्याने कंबोडियातील अंकोरची छायाचित्रे घेतली, १८६८ मध्ये हाँगकाँग येथे चित्रशाळा काढली आणि तेथून चीनच्या अंतर्भागात प्रवास केले. १८७३-७४ मध्ये 'इलस्ट्रेशन्स ऑफ चायना अँड इट्स पीपल' हा त्याचा चार खंडांचा ग्रंथ निघाला. त्यात दोनशे छायाचित्रे असून त्यांना जोडलेला मजकूर टॉमसनने स्वतः लिहिला आहे. शीर्षकातच देशाबरोबर 'लोक' आले आहेत ही गोष्ट सहज घडलेली नव्हे. अधिकारी, व्यापारी, नावाडी, फेरीवाले आणि भिक्षेकरी ह्या सर्वांना ह्या ग्रंथात स्थान आहे, आणि ते इमारतीची उंची मोजण्यासाठी नव्हे.

टॉमसनलाही त्याच्या काळाच्या मर्यादा होत्या. माणसांचे 'नमुने' मांडण्याची तत्कालीन सवय त्याच्यात आहे. साम्राज्याच्या व्यापारी हिताला आपला ग्रंथ उपयोगी पडावा ही इच्छाही लपलेली नाही. त्याच्या मजकुरातील काही शेरे आज अनुदार वाटतील. तरीही त्याच्या अनेक चित्रांतील व्यक्ती भिंगाकडे परत पाहते. तिच्या नजरेत कुतूहल, कंटाळा किंवा अविश्वास दिसतो. तोफेच्या धाकाने गोठलेल्या माणसात आणि परत पाहणाऱ्या माणसात जे अंतर आहे, तेच पाहुणेपणात आणि परिचयात आहे.

टॉमसनच्या वृत्तीची खरी कसोटी मात्र चीनमध्ये नव्हे, लंडनमध्ये लागली. मायदेशी परतल्यावर १८७७-७८ मध्ये अडॉल्फ स्मिथ ह्या पत्रकाराच्या सहकार्याने त्याने 'स्ट्रीट लाइफ इन लंडन' प्रसिद्ध केले. फूलवाल्या, भंगारवाले, रस्त्यावरचे कारागीर, पायरीवर बसलेली निराधार स्त्री : ज्या दृष्टीने तो चीनच्या रस्त्यांवर हिंडला, तीच दृष्टी त्याने स्वतःच्या राजधानीकडे वळविली. दूरच्या देशातील दारिद्र्य 'चित्रमय' वाटणे आणि घरच्या दारिद्र्याकडे डोळेझाक करणे हा प्रवासी छायाचित्रकाराचा सर्वांत जुना दुटप्पीपणा होय. टॉमसन त्यातून बऱ्याच अंशी सुटला आहे. परदेशाने आपल्याला जे पाहावयास शिकविले ते घरी परतल्यावर उपयोगी पडते की नाही, ही प्रवासाच्या सार्थकतेची चांगली परीक्षा आहे. प्रवासवर्णनकारालाही ती लावून पाहण्यास हरकत नाही.

६

आता दोन आक्षेपांचा विचार करून हे विवेचन आटोपते घेऊ.

पहिला आक्षेप असा की, द्यू काँ किंवा बोर्न यांना आजच्या नीतिकल्पनांनी मोजणे हा कालविपर्यास आहे. वस्तुतः येथे त्यांच्या व्यक्तिगत चारित्र्याचा निवाडा करावयाचा नाही. तोफेची आणि काठीची हकीकत त्यांनीच, कोणताही संकोच न बाळगता, लिहून ठेवली आहे. प्रश्न त्यांच्यापेक्षा आपला आहे. त्या चित्रांतून मिळणारा आनंद आपण कोणत्या अटींवर स्वीकारतो? मूळ हकीकत ठाऊक नसताना मिळणारा आनंद आणि ती ठाऊक झाल्यावरही उरणारा आनंद, यांपैकी दुसराच समीक्षेच्या दृष्टीने भरवशाचा. अबू सिंबेलचे चित्र ह्या परीक्षेला उतरते, असे मला वाटते. मात्र ते आता रामसेसचे चित्र राहत नाही, हाजी इस्माईलचे होते.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. छायाचित्र हे दस्तऐवज आहे. त्याची परीक्षा अचूकपणाने व्हावी, रसदृष्टीने नव्हे, असे म्हणणारे म्हणतील. ह्याचे उत्तर अबू सिंबेलच्या पुढच्या इतिहासातच मिळते. आस्वान येथील उंच धरणामुळे नाईलचे पाणी चढू लागले, तेव्हा युनेस्कोने १९६० मध्ये आवाहन केले आणि १९६४ ते १९६८ ह्या काळात ही मंदिरे कापून, मूळ जागेपेक्षा सुमारे ६५ मीटर वर आणि २०० मीटर मागे, पुन्हा उभारण्यात आली. जगातील अनेक राष्ट्रांनी मिळून केलेले ते मोठे काम होते. परंतु त्याच पाण्याखाली नूबियाची गावेही गेली आणि हजारो नूबियन कुटुंबांना आपली वस्ती कायमची सोडावी लागली. मंदिराची मूळ जागा आज जलाशयाच्या तळाशी आहे. द्यू काँचे चित्र हा तिचा मोलाचा पुरावा आहे, आणि त्याच्या अचूकपणाबद्दल आपण कृतज्ञ असले पाहिजे. पण गावांचे काय? ज्या खलाशाला तो रोज बरोबर नेत असे, त्याच्या लोकांची घरे, अंगणे, विहिरी यांना १२५ चित्रांच्या त्या ग्रंथात जवळजवळ स्थान नाही. चित्र अचूक आहे. चौकट अपुरी आहे. चौकटीत काय घेण्याजोगे आहे हे अचूकपणा ठरवीत नाही. ते पाहणाऱ्याची रुची ठरविते. मग रुचीचा विचार वगळून दस्तऐवजाचा विचार पुरा कसा व्हावा? शंभर वर्षांनंतर जगाने मंदिरे उचलली आणि गावे बुडू दिली, ह्याचे कारण छायाचित्रे होत असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. मात्र चौकटीतून गावे वगळणारी नजर आणि त्यांचे बुडणे सोसून घेणारी नजर एकाच कुळातील आहेत, असे म्हणावयास प्रत्यवाय दिसत नाही.

रोलाँ बार्त ह्या फ्रेंच समीक्षकाने आपल्या १९८० मधील छायाचित्रविषयक ग्रंथात चार्ल्स क्लिफर्डच्या एका चित्राविषयी लिहिले आहे. स्पेनमधील आल्हाम्ब्रा येथील ते चित्र १८५४ ते १८५६ च्या सुमाराचे आहे : एक जुने घर, सावलीतले दार, ओसाड रस्ता. ते पाहून तेथे जावे असे त्याला वाटत नाही. तेथे राहावे असे वाटते. स्थळाचे छायाचित्र भेट देण्याजोगे नव्हे, वस्ती करण्याजोगे असावे, असा त्याचा अभिप्राय आहे. वर ज्याला परिचयाचा आनंद म्हटले आहे, त्याच्या अगदी जवळ हा विचार येतो. त्यात एका गोष्टीची भर घालणे मात्र अवश्य वाटते. जेथे आपल्याला राहावेसे वाटते तेथे कोणी तरी आधीच राहत आहे. क्लिफर्डचा रस्ता ओसाड आहे. म्हणूनच बार्तला तेथे इतक्या सहज वस्ती करता आली. उत्तम प्रवासी छायाचित्र पाहणाऱ्याच्या मनात वस्तीची इच्छा जागविते, आणि त्याच वेळी ती वस्ती दुसऱ्याची आहे ह्याचे भानही राखते. ह्या दोहोंचा तोल हाच ह्या कलेतील औचित्यविचार म्हणता येईल.

आजच्या छायाचित्रकारापुढे तीस हमालांचा आणि ओल्या काचांचा प्रश्न नाही. साधनाने लादलेला मुक्काम संपला. म्हणून तो आता स्वेच्छेने करावा लागतो. हे वैगुण्य नव्हे, स्वातंत्र्य होय. ज्याला थांबावेच लागत असे त्याच्या थांबण्यातून त्याची वृत्ती कळत नसे. जो आपण होऊन थांबतो त्याची वृत्ती त्याच्या चित्रात उमटते. ह्या विभागात प्रवासवर्णनांवर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी म्हणूनच ग्रंथातील छायाचित्रांची पाने यापुढे उलटून टाकू नयेत. प्रवासी कोठे थांबला, थांबल्यावर त्याच्या पाहण्यात काय पालटले आणि चित्रातील माणूस तेथे कोणाच्या सोयीने उभा आहे, हे त्यांनी त्या पानांना विचारावे; आणि चित्र जे सांगत नाही ते मजकुरात, मजकूर जे सांगत नाही ते चित्रात शोधावे.

हाजी इस्माईलने त्या पाषाणाच्या मुकुटावरून काय पाहिले असेल, ह्याची नोंद कोठेही नाही. त्याच्यासमोर नाईल होती, पलीकडचा काठ होता आणि त्याचा स्वतःचा देश होता. इतक्या उंचीवरून तो देश पाहण्याचा योग त्याला पूर्वी आला होता की नाही, हे कळण्यास मार्ग नाही. एवढे मात्र दिसते की कॅमेरा त्याच्याकडे रोखलेला होता आणि सारे दृश्य त्याच्या डोळ्यांसमोर होते. त्या दिवशी तेथे दोन प्रवासी होते आणि एक रहिवासी. छायाचित्र प्रवाशाने घेतले. दृश्य मात्र रहिवाशाच्या वाट्याला आले.